श्रद्धेचाही जीर्णोद्धार होतो
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देऊळ मोडकळीस आले म्हणजे आधी पाया तपासतात. कुजलेले लाकूड काढतात, शाबूत दगड पुन्हा बसवितात. माणसाच्या श्रद्धेचेही तसेच असते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र हेच सांगते.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीस झाला. वडील रामजीबाबा वारकरी. घरात पंढरीची ओढ. पुढे शिंदे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले. तेथे त्या काळी आगरकरांच्या बुद्धिवादाचा मोठा दबदबा होता. मिल, स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ वाचून शिंदे यांच्या मनातला देव डळमळला. देव आहे की नाही, हे माणसाला कळणेच शक्य नाही, अशा मताला ते आले.

पुढे त्यांचा प्रार्थना समाजाशी संबंध आला. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे विद्वान तुकोबांच्या अभंगांच्या आधारे उपासना करीत. बुद्धी गहाण न ठेवताही भक्ती करता येते, हे शिंदे यांना पटले. लहानपणी घरात ऐकलेले तुकोबा त्यांना नव्याने भेटले. १८९८ साली ते बी. ए. झाले. १९०१ साली विलायतेस जाऊन ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी दोन वर्षे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि परत येऊन धर्मप्रचारास वाहून घेतले.

ही वाट मूर्तिपूजेची नव्हती, हे मंदिराच्या या पुस्तिकेतही झाकून ठेवू नये. पण परतलेली श्रद्धा त्यांना स्वस्थ बसू देईना. देव सर्वांचा, तर काही लेकरे दाराबाहेर का? १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी व उन्नतीसाठी मिशन काढले. भगिनी जनाबाईही त्या कामात राबल्या. २ जानेवारी १९४४ रोजी शिंदे निवर्तले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात सानेगुरुजींनी उपोषण केले आणि पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांना उघडले.

त्याच पंढरीकडे तुकोबांची पालखी दरसाल दौंड तालुक्यातील यवत, वरवंडवरून जाते. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्ही तीरांवरच्या गावांतून आज शिकलेली पोरे देवळात यायची थांबली आहेत. घरातली वडील मंडळी त्यांना नास्तिक म्हणून रागावतात. रागावण्याआधी त्यांचे प्रश्न ऐकावेत. पैसा कोठे गेला, पंगतीत कोण मागे बसतो, मानपान कोणाचा, हेच बहुधा ते विचारतात. देवावरचा विश्वास उडण्याआधी पुष्कळदा माणसांवरचा उडालेला असतो.

म्हणून कळसाइतकेच उंबऱ्याकडेही लक्ष असावे. जीर्णोद्धाराचा जमाखर्च फलकावर लागावा, पंगत एकच असावी, आणि गेलेला मुलगा परत आला तर "इतके दिवस कोठे होतास?" असे कोणी विचारू नये. त्याला टाळ द्यावा, शेजारी जागा द्यावी.

रामकृष्ण हरी.