पोट धुण्याचं पाणी

मेळघाटातल्या सेमाडोहच्या माणसाचं अपेंडिक्स फुटलं, की त्याची वाट गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावरून निघते, घाट उतरून परतवाडा-अचलपूरला आणि तिथून कधी थेट अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात पोचते. तोवर पोटात पू झालेला असतो. सर्जन पोट उघडून घाण काढतात आणि कोमट सलाईननं आतून धुतात. लिटर, दोन लिटर, कधी त्याहून पुष्कळ.

वऱ्हाडात सलाईनवर लोकांची भारी श्रद्धा. बाटली लटकली की अर्धा आजार गेला! पोटाच्या अस्तराला मात्र ते इतकं मानवत नाही.

या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर, चपट्या पेशींचा एकच थर असतो. तो पसरला तर अंगावरच्या कातडीइतका भरेल. या पेशी आतड्यांना एकमेकांवर घसरू देतात. शिवाय जखमेत साचणारे फायब्रिनचे चिकट धागे विरघळवणारं द्रव्यही त्याच बनवतात. पेशी दुखावल्या की ते कमी पडतं, आतडी एकमेकांना चिकटतात. पुढं कधी आतड्यात अडथळा येतो, कधी बाईला मूल राहत नाही.

सलाईन म्हणजे लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. त्याचा खारटपणा रक्ताशी जुळतो, आम्लता जुळत नाही. पोटॅशियम, कॅल्शियम तर त्यात नसतंच. पोलंडमधल्या पोझ्नानच्या संशोधकांनी 2008 साली दाखवलं, की सलाईनमध्ये या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो. अर्थात हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचं झालं, जिवंत पोटाचं नव्हे. पण नुसतं मिठाचं पाणी पुरत नाही, हे लंडनच्या सिडनी रिंगर यांनी 1880 च्या दशकात बेडकाच्या हृदयावर पाहिलं होतं. त्यांच्या द्रावणात पुढं अमेरिकेच्या हार्टमन यांनी लॅक्टेट मिसळलं. वॉर्डातलं ‘आरएल’, म्हणजे रिंगर लॅक्टेट, ते हेच. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घालावं, तर पोव्हिडोन-आयोडीनसारखी जंतुनाशकं कातडीवर ठीक, पेशींच्या या थराला ती जाचतात.

मुळात धुवावं तरी किती? कॅन्सस सिटीत अपेंडिक्स फुटलेल्या 220 मुलांपैकी निम्म्यांचं पोट धुतलं, बाकीच्यांचा पू नुसता शोषून काढला. 2012 साली निकाल छापून आला: पोटात पुन्हा गळू झालेली मुलं धुतलेल्यांत सुमारे 18 टक्के, न धुतलेल्यांत 19. लिटरवर सफाई मोजण्याची सवय सर्जननी सोडलेलीच बरी. मेळघाटातून उशिरा आलेल्या पोटात घाण चहूकडे पसरलेली असेल, तर मात्र सर्जन सहसा धुतातच.

दुखावलेला थर साधारण आठवड्याभरात भरून येतो, जखम लहान असो की मोठी. कारण नव्या पेशी कडेनं सरकत येतातच, शिवाय मध्ये ठिकठिकाणी रुजतात. फायब्रिन मात्र पहिल्या काही दिवसांतच विरघळावं लागतं. ते राहिलं, तर त्यावर पक्के तंतू धरतात आणि चिकटलेलं आतडं सोडवायला पुन्हा पोट उघडण्याची पाळी येते.