‘यमुनापर्यटन’ कसे वाचावे?
(मेहरूण, जळगाव येथील भाषण)



बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे. यमुना पतीसह प्रवास करिते, विधवांचे हाल पाहते. पुढे स्वतः विधवा होते, धर्मांतर करिते आणि पुनर्विवाहही करिते. आपण म्हणाल, यात नवल ते काय? ते कळण्यासाठी कादंबरीशेजारी कायद्याचे पुस्तक उघडून ठेवावे लागते.

१८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह मान्य केला. परंतु त्याच्याच दुसऱ्या कलमाने पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क काढून घेतला. लेखक स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले. कादंबरीतील प्रश्न असे त्या काळाच्या ऐरणीवरचे होते.

आता आपल्या पणजीकडे पाहा. केशवपनाचे दुःख उच्चवर्णीय घरांतले. आपल्यांत पाट लागतच असे. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने पाट लावणाऱ्या जातींतील विधवांनाही ते दुसरे कलम लागू धरले. अलाहाबादच्या न्यायालयाने मात्र तसे धरले नाही. म्हणजे यमुनेला ज्या कायद्याने वाट दिली, त्यानेच आपल्या पणजीची जमीन नेली!

म्हणून भगिनींनो, कोणतेही थोर पुस्तक वाचताना विचारा : हे केव्हा लिहिले? तेव्हा कायदा काय होता? आणि त्यात आपण कोठे होतो?