अबोल वेदना

रडल्याशिवाय आईदेखील पाजीत नाहीं, ही म्हण मराठी घरांतून वरचेवर ऐकूं येते. व्यवहारांत ती खरी ठरते. जो मागतो त्यास मिळतें आणि जो गप्प राहतो तो मागें पडतो. परंतु हीच म्हण इस्पितळांत नेली तर अनर्थ ओढवतो. तेथें न रडणारें मूल सुखांत असेलच असें नाहीं. कदाचित् तें भयानें गोठलेलें असेल, कदाचित् रडून रडून थकलेलें असेल, कदाचित् औषधानें त्याची हालचालच बंद केलेली असेल. मुलाची वेदना ओळखावी कशी, आणि ती शमवितांना त्याच्या जिवास धोका होऊं नये म्हणून काय करावें, हा प्रश्न वैद्यकापुढें पावणेदोनशेंहून अधिक वर्षें उभा आहे. त्याच्या उत्तराचा कांहीं भाग आईबापांच्याही हातीं आहे.

१८४६ सालच्या १६ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं विल्यम मॉर्टन नामक दंतवैद्यानें ईथरची भूल देऊन दाखविली, आणि रोग्यास घट्ट बांधून कापण्याचे दिवस संपत आले. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या जेम्स सिंप्सन ह्यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. ह्या आनंदास तीन महिन्यांच्या आंतच गालबोट लागलें. १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ पंधरा वर्षांच्या एका मुलीस पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म देण्यांत आलें, आणि कांहीं मिनिटांतच तिचा प्राण गेला. दुखणें नखाएवढें, आणि किंमत मात्र प्राणाची! तेव्हांपासून वैद्याच्या मनांत दोन भीति शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. एक मुलाच्या वेदनेची, दुसरी त्या वेदनेवरील औषधाची.

ह्या दुसऱ्या भीतीनें पहिलीवर मात केली, ती सर्वांत लहान जिवांच्या बाबतींत. नवजात अर्भकाचे मज्जातंतु अपुरे असतात, त्यांवरील वेष्टण पूर्ण झालेलें नसतें, तेव्हां त्यास खरी वेदना कळत नाहीं, असा समज विसाव्या शतकांत बराच काळ दृढ होता. १९४१ सालीं अमेरिकेंतील मर्टल मॅग्रॉ ह्यांनीं बालकांस टांचणी टोंचून केलेल्या निरीक्षणांचा ह्या समजास आधार मिळाला. अर्भक रडतें, परंतु ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया होय, असें मानलें जाई. त्यांत भुलेचा धोका खराच होता. परिणामीं अनेक ठिकाणीं तान्ह्या मुलांवरील शस्त्रक्रिया नाममात्र भुलेवर, क्वचित् भुलेवांचूनही उरकल्या जात.

१९८५ सालीं अमेरिकेंत मुदतीपूर्वीं जन्मलेल्या एका बालकावर हृदयानजीकची एक रक्तवाहिनी बंद करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याला स्नायु निश्चल करणारें औषध दिलेलें होतें. वेदना शमविणारें मात्र कांहींच दिलेलें नव्हतें. तें हलूं शकत नव्हतें, रडूं शकत नव्हतें. छाती उघडली जात असतांना तें शांत दिसत होतें. पुढें तें बालक दगावलें. त्याच्या आईनें नंतर चौकशी केली तेव्हां तिला हा प्रकार कळला, आणि तिनें तो वर्तमानपत्रांतून जगापुढें मांडला. ज्याच्यासाठीं ती बोलली तें मूल परत येणार नव्हतें. तिला बोलावयाचें होतें तें पुढच्या मुलांसाठीं.

त्याच सुमारास इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें ह्याच प्रश्नाचा शास्त्रीय शोध चालला होता. तो करणारे कंवलजीत सिंग आनंद हे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. शस्त्रक्रियेहून परत आणलेलीं अर्भकें अतिशय ढासळलेल्या अवस्थेंत कां असतात, हा त्यांचा प्रश्न. वर सांगितलेल्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या सोळा अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन गट केले. आठांना त्या काळची नेहमीची हलकी भूल व स्नायु शिथिल करणारें औषध मिळालें. उरलेल्या आठांना त्याच्या जोडीस फेंटॅनिल हें प्रबळ वेदनाशामक मिळालें. ज्यांना वेदनाशामक मिळालें त्यांच्या रक्तांत तणावाचीं द्रव्यें पुष्कळच कमी आढळलीं, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारीही त्यांना कमी झाल्या. हा निष्कर्ष १९८७ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें, केवळ वय लहान म्हणून अर्भकास भूल नाकारूं नये, अशा आशयाचें निवेदन काढलें. बालकाचें रडणें ज्यांना पुरेसें साक्षीदार वाटलें नव्हतें, त्यांना त्याच्या रक्तानें साक्ष दिली.

बोलतां न येणाऱ्याची वेदना मोजावयाची तरी कशी? एक वर्षाचें मूल ‘दुखतें’ म्हणूं शकत नाहीं. परंतु त्याचें सर्व शरीर तें म्हणत असतें. १९९७ सालीं मिशिगन विद्यापीठांतून प्रसिद्ध झालेल्या एका मापनांत पांच गोष्टी पाहतात : चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणें, आणि समजूत काढल्यास शांत होणें. प्रत्येकीस शून्य, एक किंवा दोन असे गुण, बेरीज दहांपैकीं. तीन वर्षांपुढील मुलासाठीं हंसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता आहे. डोना वाँग व कॉनी बेकर ह्यांनीं तो १९८० नंतरच्या दशकांत तयार केला. आठ वर्षांचें मूल बहुधा शून्य ते दहांपैकीं आंकडा सांगूं शकतें.

हे तक्ते उपयुक्त आहेत. पण तराजूसारखे अचूक नाहींत. डॉक्टरांना बरें वाटावें म्हणून हंसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवणारें मूल असतें, आणि आणखी एक सुई टोंचतील ह्या भयानें दुखणें लपविणारेंही असतें. ज्यास उपजत व्यंगामुळें बोलतां येत नाहीं, त्याची वेदनेची खूण अगदींच निराळी असूं शकते. ती त्याच्या आईसच ठाऊक असते. ‘तो दुखतें तेव्हां रडत नाहीं, हात चावतो’, हें तिचें वाक्य कोणत्याही आंकड्याहून मोलाचें ठरतें. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेंही २०२० सालीं आपल्या व्याख्येस स्पष्टीकरण जोडून म्हटलें आहे कीं, सांगतां न येणें म्हणजे वेदना नसणें नव्हे.

येथें एक भेद नीट ध्यानीं घेणें अवश्य आहे. झोंप, निश्चलता आणि वेदनेचें शमन ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. १९८५ सालच्या बालकास दुसरी मिळाली, तिसरी नाहीं. आजही गुंगीच्या औषधाविषयीं असाच घोटाळा होतो. मिडॅझोलॅमसारख्या औषधानें मुलाचें भय ओसरतें, घडलेलें त्यास बहुधा आठवतही नाहीं. परंतु टांका घालतांना होणारी वेदना त्यानें थांबत नाहीं. चुंबकीय यंत्रांत तपासणीसाठीं मुलास स्वस्थ पडून राहावयाचें असेल तर नुसती गुंगी पुरते. जखम शिवावयाची असेल, मोडलेलें हाड बसवावयाचें असेल, तर तेथें बधिरतेची वा वेदनाशामकाची सोय स्वतंत्रपणें करावी लागते.

गुंगी म्हणजे हलकीशी झोंप, असें समजून तिच्याविषयीं गाफील राहणेंही तितकेंच घातक. लहान मुलाचा श्वासमार्ग अरुंद, जीभ त्या मानानें मोठी, प्राणवायूचा सांठा थोडा. एकाच मात्रेनें एक मूल पेंगतें, तर दुसरें गाढ बेशुद्धींत जातें. म्हणून गुंगीच्या वेळीं श्वास, नाडी व रक्तांतील प्राणवायु ह्यांवर नजर ठेवणारा स्वतंत्र माणूस असावा; शस्त्र चालविणारानेंच पहारा करूं नये. सुई काढली, टांका संपला, म्हणजे सर्वांना हायसें वाटतें. पण त्याच क्षणीं धोका वाढतो, कारण वेदनेचा डिवचा थांबला कीं गुंगी अधिक खोल जाऊं शकते. ‘आतां झालें’ म्हणून पेंगणाऱ्या मुलास दोघांच्या मध्यें स्कूटरवर बसवून नेणें हें यास्तव अविचाराचें होय. पुढें कललेल्या मानेनें त्याचा श्वास कोंडूं शकतो.

उपवासाचेंही तसेंच आहे. सर्वसाधारण नियम असा कीं पाण्यासारखे पातळ पदार्थ दोन तास आधीं, आईचें दूध चार तास आधीं, व वरचें दूध अगर हलकें अन्न सहा तास आधीं बंद करावें. भुकेलें मूल पाहून आजीचें काळीज तुटतें, आणि ती पदराआडून एक बिस्किट पुढें करते. ती माया असते ह्यांत शंका नाहीं. परंतु भुलेंत उलटी होऊन ती श्वासनलिकेंत गेली, तर त्या मायेचें मोल फार मोठें पडतें.

प्रत्येक वेदनेवर औषधच लागतें असेंही नाहीं. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें लस टोंचतांना होणारी वेदना कमी करण्याचे साधे उपाय सांगितले : तान्ह्यास टोंचतेवेळीं अथवा नुकतेंच त्याआधीं अंगावर पाजावें, मुलास आडवें दाबून न धरतां मांडीवर घेऊन बसावें, अनेक लसी असल्यास सर्वांत झोंबणारी शेवटीं द्यावी. रक्त काढावयाचें असल्यास तासभर आधीं कातडी बधिर करणारें मलम लावण्याचीही सोय आहे. ह्यांपैकीं कशासही मोठें इस्पितळ लागत नाहीं. लागते ती थोडी पूर्वतयारी.

आणि लागतो थोडा खरेपणा. ‘कांहीं दुखणार नाहीं’ असें सांगून मुलास फसविणारा बाप त्या दिवसापुरता जिंकतो; पुढच्या वेळीं त्याच्या शब्दास किंमत उरत नाहीं. ‘थोडें टोंचेल, मी हात धरून आहें, दहापर्यंत मोजूं’, एवढें वाक्य पुरतें. ‘मुलगा असून रडतोस?’ हें वाक्य मात्र घरांतून कायमचें जावें. तें मुलास धीर देत नाहीं, केवळ गप्प राहावयास शिकवितें.

गप्प राहिलेल्या मुलासाठीं मोठ्यांनीं बोलावयाचें असतें. टांक्यांसाठीं वा तपासणीसाठीं मूल आंत नेण्यापूर्वीं वेदनेसाठीं काय देणार, गुंगी दिल्यास लक्ष कोण ठेवणार, आणि घरीं नेल्यावर कोणतीं लक्षणें दिसतांच परत यावें, हे तीन प्रश्न नम्रपणें विचारण्याचा हक्क प्रत्येक आईबापास आहे. जाणता डॉक्टर त्यांनीं रागावत नाहीं. अमेरिकेंतील त्या आईनें हे प्रश्न विचारले, तेव्हां फार उशीर झालेला होता. इतर आयांना ते वेळेवर विचारतां येतात.