‘लोअर’ कुठवर पुरतं?

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर कारकूनबाई इंग्रजीत ‘कुलकर्णी’ टाइप करतात, सगळी अक्षरं स्मॉल. संगणक सांगतो, अशी नोंद नाही. नोंद असते, पण मागच्या वेळी ती कुणीतरी कॅप्स लॉक लावून केलेली असते. संगणक अक्षरं ओळखतो ती क्रमांकांनी. आस्की संकेतावलीत कॅपिटल ए म्हणजे ६५, स्मॉल ए म्हणजे ९७. झेडपर्यंत प्रत्येक जोडीत हेच ३२चं अंतर.

त्यावर उपाय म्हणजे क्वेरीतलं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातलं, ‘लोअर’ हे फंक्शन. टेबलातलं आणि शोधायचं, दोन्ही आडनावं स्मॉल करून ताडायची. मायएसक्यूएल या डेटाबेसचं नेहमीचं कोलेशन, म्हणजे अक्षरं ताडण्याचे नियम, स्मॉल-कॅपिटलचा भेद मानत नाही; पोस्टग्रेस हा डेटाबेस मानतो. तिथे ‘लोअर’सारखा उपाय लागतोच.

पण कॉलमवर ‘लोअर’ लावलं, की त्या कॉलमचा साधा इंडेक्स, म्हणजे झटपट शोधासाठीची सूची, उपयोगी पडत नाही. तो मूळ अक्षरांप्रमाणे लावलेला असतो. मग लाखो नोंदी एकेक करून वाचल्या जातात आणि खिडकीपुढे माणसं ताटकळतात. हे टाळता येतं. इंडेक्सच ‘लोअर’ केलेल्या रूपावर बांधावा. पोस्टग्रेसमध्ये ते एका ओळीचं काम आहे. साठवलेलं नाव मात्र माणसानं लिहिलं तसंच राहू द्यावं. गोव्यातले कितीतरी डिसोझा आडनाव लिहिताना कॅपिटल डी, अपॉस्ट्रॉफी आणि पुन्हा कॅपिटल एस लिहितात. तो एस कायमचा स्मॉल केला, तर नंतर कुणाला कळणार तो मोठा होता?

आणि मराठी नावं? देवनागरीत स्मॉल-कॅपिटल नाहीच, त्यामुळे ‘लोअर’ आपल्या अक्षरांना हात लावत नाही. तरी घोळ आहेच. ‘कऱ्हाडे’ घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एक सबंध अक्षर म्हणून येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत. काही कळफलक तिसरीच वाट धरतात: र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही कऱ्हाडे सारखेच, डेटाबेसात तिघे वेगळे.

पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून ‘नॉर्मलाइज’ फंक्शन आहे. त्यानं पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं तसंच राहतं. ते बदलणारी ओळ आपली आपणच लिहावी लागते, आणि मराठी माणसांची नावं सांभाळणाऱ्या प्रत्येक प्रणालीत ती असलीच पाहिजे, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.