मानाचे वस्त्र आणि त्याचा अधिकार
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या भाषणासाठी आम्ही निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मुखावर स्मित उमटल्यास आम्हांस नवल वाटणार नाही. लांब पल्ल्याची शर्यत पुरी करणाऱ्यास जो सदरा मिळतो, तो शर्यत न धावलेल्याने अंगात घालावा की नाही, हा तो विषय. समाजापुढे एवढे गहन प्रश्न उभे असता एका टी-शर्टाचा काथ्याकूट कशासाठी, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच गैर नव्हे. परंतु खरेपणाचे प्रश्न घरात शिरतात ते बहुधा अशा लहानसहान वस्तूंच्याच वाटेने. मोठ्या असत्याला आपण दारातच अडवितो. धाकटे असत्य मात्र कपाटात घडी होऊन बसते.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, आणि २०१२ पासून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात अर्धमॅरेथॉन भरू लागली. या अवधीत धावण्याचा छंद आपल्या कुटुंबांतही चांगलाच रुजला आहे. पहाटे चार वाजता उठून धावावयास जाणारे काका आणि मामी आज प्रत्येक आळीत आढळतात. त्यांच्याबरोबर घरोघर हे सदरेही आले, आणि सदरा म्हटला की तो घरात ज्याच्या हाती लागेल त्याचा, ही आपली जुनी रीत आहेच.

प्रथम हे सदरे एका जातीचे नसतात, हे ध्यानी घेतले पाहिजे. पहिला सहभागाचा. छातीवर लावावयाच्या क्रमांकाबरोबर तो शर्यतीआधीच हाती पडतो आणि ‘मी नाव नोंदविले’ एवढेच सांगतो. दुसरा स्वयंसेवकाचा. पहाटेच्या काळोखात पाण्याचे पेले भरून उभे राहणाऱ्याचा तो सदरा आमच्या मते कोणत्याही पदकाइतकाच मानाचा आहे. तिसरा दुकानात मोल देऊन मिळणारा. चौथा तो अंतिम रेषा ओलांडल्यावरच मिळणारा, ज्याच्यावर ‘फिनिशर’, म्हणजे ‘पुरी करणारा’, अशी अक्षरे छापलेली असतात. आमचे आजचे बोलणे मुख्यतः या चौथ्यासंबंधी आहे. हा सदरा अंगावर चढताच त्याच्या धन्याच्या वतीने एक विधान करू लागतो. ते विधान खरे असावे, एवढेच आमचे म्हणणे.

या विधानाची किंमत काय, हे धावणाऱ्यासच विचारावे. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरांची. मुंबईच्या मार्गावर पाय जड होऊ लागतात नेमके तेव्हाच पेडर रोडचा चढ समोर येतो. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून ‘कॉम्रेड्स’ नावाची शर्यत होते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती सुरू झाली. अंतर सुमारे ९० किलोमीटर, मुदत बारा तासांची. ही मुदत संपल्याची बंदूक उडविणारा अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो, अशी तेथील रूढी आहे. आपल्या बारामुळे कोणाचा मान हुकतो, हे त्याने पाहू नये, असा तिचा भाव. एका क्षणाने मागे राहिलेल्यास पदक मिळत नाही, आणि तो ते मागतही नाही. ज्या मानासाठी एवढी कठोर रेघ आखलेली असते, तो मान दुसऱ्याने सहज खुंटीवरून काढून अंगात घातला तर आत कोठे तरी बोचणारच.

न कमावलेले वस्त्र नाकारण्याचे एक उत्तम उदाहरण सायकलच्या जगातले आहे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकलशर्यतीत आघाडीवर असणाऱ्यास १९१९ पासून पिवळा सदरा मिळतो. शर्यत भरविणारे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जात असे, त्यावरून हा रंग आला. १९७१ साली स्पेनचा लुईस ओकान्या सात मिनिटांहून अधिक आघाडी घेऊन हा सदरा मिरवीत होता. १२ जुलै रोजी वादळी पावसात डोंगराचा उतार उतरताना तो कोसळला आणि त्यास शर्यत सोडावी लागली. आघाडी आपोआप बेल्जियमच्या एडी मर्क्सकडे आली. नियमाने सदरा त्याचाच होता. पण दुसऱ्या दिवशी त्याने तो अंगात घालण्यास नकार दिला. प्रतिस्पर्ध्याच्या पडण्याने मिळालेला मान त्यास स्वतःचा वाटला नाही. १९८० साली बर्नार इनो गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर पडला, तेव्हा यूप झूटमेल्क यानेही पहिल्या दिवशी असाच नकार दिला. हे दोघेही पुढे त्या त्या वर्षीची शर्यत जिंकले. नियम देत असता जे घेतले नाही, त्याने त्यांची उंची वाढलीच.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. १९८० सालीच अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ नावाची स्त्री महिलांत पहिली आल्याचे जाहीर झाले. वाटेवरच्या निरीक्षकांनी तिला पाहिलेच नव्हते. काही दिवसांत सत्य बाहेर आले, तिचा किताब काढून घेण्यात आला आणि कॅनडाच्या जॅकलीन गॅरो हिला तो देण्यात आला. किताब परत देता आला. पण अंतिम रेषेवर विजेतीचा म्हणून जो जयघोष व्हावयाचा, तो कोणास परत देता येणार? खोटा मान फुकटचा नसतो, तो कोणाच्या तरी पदरातून उचललेला असतो, हे यावरून ध्यानी यावे. १९९९ साली कॉम्रेड्समध्ये एकमेकांसारखे दिसणारे दोघे भाऊ वाटेत आळीपाळीने धावले आणि नववे आले. छायाचित्रांत मनगटी घड्याळ एकदा एका हातावर, एकदा दुसऱ्या हातावर दिसले, आणि बिंग फुटले.

आपल्याकडे असे मोठे प्रकार नसले, तरी भावाच्या क्रमांकावर भाऊ धावतो, हे ऐकिवात येते. त्यास कोणी लबाडी मानीत नाही. ‘नाव नोंदविले होते, पैसे फुकट जातील’ एवढाच हिशेब असतो. परंतु त्या क्रमांकामागे नोंदणी करणाराचे नाव, वय आणि संकटकाळी कोणास कळवावयाचे ती माहिती असते. धावणारा वाटेत कोसळला, तर उपचार करणारांच्या हाती दुसऱ्याच माणसाची माहिती पडेल आणि निरोप भलत्याच घरी जाईल. म्हणून उसन्या क्रमांकावर मिळविलेला सदरा आम्ही कमावलेला मानीत नाही.

आता अवघड प्रसंगांकडे वळू. समजा, घरातील सूनबाई वर्षभर पहाटे उठून, सर्वांचे डबे करून, सराव करते आणि मॅरेथॉन पुरी करते. तिचा सदरा धाकटे दीर व्यायामशाळेत घालून जातात. तेथे कोणी अभिनंदन करते, आणि भावोजी नुसतेच हसतात. त्या हसण्यात त्यांनी मुखाने काही असत्य उच्चारले नाही. पण सदऱ्याचे बोलणे त्यांनी खोडलेही नाही. ‘हा आमच्या वहिनींचा’ एवढे तीन शब्द त्यांनी उच्चारले असते, तर तोच सदरा घराण्याच्या अभिमानाचा झाला असता. येथे दोष वस्त्राचा नाही, मौनाचा आहे.

वडिलांच्या पश्चात त्यांचा सदरा मुलाने घालावा काय? अवश्य घालावा, असे आम्ही म्हणू. ब्रिटनमध्ये व ऑस्ट्रेलियात दिवंगत सैनिकाची पदके त्याचे वंशज स्मृतिदिनी छातीच्या उजव्या बाजूस लावतात. स्वतः मिळविलेली पदके डाव्या बाजूस लावावयाची असतात. पाहणाऱ्यास लागलीच कळते की हा मान याचा नव्हे, याच्या पूर्वजाचा आहे. सदऱ्यास अशी उजवी बाजू नसते. तेथे ती आपल्या जिभेने दाखवावी लागते.

ज्याने शर्यत अर्ध्यावर सोडली, त्याचे काय? सहभागाचा सदरा त्याने नि:शंक वापरावा, कारण तो निघाला होता हे खरेच आहे. पुरी करणाऱ्याचा सदरा मात्र चुकून हाती आला तरी त्याने बाजूस ठेवावा. पुढील वर्षी तो तेथेच त्याची वाट पाहत असेल. बोस्टनचे जॅकेट विकत मिळते, कोणासही घेता येते. तरीही अनेक धावपटू ते आधी घेऊन ठेवतात आणि रेषा ओलांडल्यावाचून अंगात घालीत नाहीत. कोणताही नियम त्यांस अडवीत नाही, हे विशेष.

येथवर जे सांगितले, त्याची दुसरी बाजू न सांगता थांबणे आम्हांस अनुचित वाटते. आमच्या परिचयाच्या एका इमारतीत रात्रीचा पहारेकरी असाच एक फिनिशरचा सदरा घालून बसत असे. तिसऱ्या मजल्यावरील एका कुटुंबाने जुने कपडे दिले, त्यांत तो आला होता. एका तरुण धावपटूने त्यास हटकले, ‘काका, कधी धावलात हो?’ सोबतचे दोघे हसले. दुसऱ्या दिवसापासून तो वृद्ध गृहस्थ तो सदरा उलटा करून घालू लागला. आम्हांस विचाराल तर त्या इमारतीत मर्यादा सुटली ती त्या तरुणाची. पहारेकऱ्याने थंडीसाठी वस्त्र घेतले होते, मानासाठी नव्हे. त्याच्या अंगावर ती अक्षरे कोणतेही विधान करीत नव्हती, आणि हे कळण्यास फार बुद्धी लागत नाही. उघड्या अंगाची गरज छापील अक्षरांहून केव्हाही वडील आहे. असा सदरा इतरांच्या अंगावर दिसू नये अशी ज्याची इच्छा असेल, त्याने तो जपून ठेवावा. एकदा दुसऱ्यास दिल्यावर मात्र त्याचा हिशेब मागू नये.

सारांश, आमच्या अल्पमतीप्रमाणे आचार असा असावा. जे वस्त्र ‘मी केले’ असे म्हणते, ते करणाऱ्याने घालावे. दुसऱ्याचे प्रेमाने घातले, तर विचारताच, आणि कधी न विचारताही, ज्याचे त्याचे नाव सांगावे. गरजेपोटी घालणाऱ्यास कोणी काहीच विचारू नये. आणि हा नियम प्रत्येकाने प्रथम स्वतःस लावावा; दुसऱ्याची छाती वाचीत फिरणे हे काही धावपटूचे काम नव्हे.

आपल्या संस्थेशी या गोष्टीचा निकटचा संबंध आहे. गुणगौरव समारंभात आपण शाल व श्रीफळ देतो, स्मरणिकेत छायाचित्रे छापतो, वधूवरांच्या माहितीपत्रकांतही असे सदरे घातलेली छायाचित्रे येऊ लागली आहेत. दोन कुटुंबे परस्परांवर विश्वास टाकतात तो अशाच कागदांच्या आधाराने. छायाचित्रातील सदरा उसना निघाला, तर समोरचे कुटुंब उरलेला कागदही संशयाने वाचू लागते, आणि त्यांस बोल लावता येत नाही. उलट, ‘धावलो, पण तिसाव्या किलोमीटरवर थांबलो’ असे मोकळेपणाने लिहिणाऱ्या मुलाच्या घरी आपली कन्या सुखात राहील, असा भरवसा आम्हांस वाटतो.

 पुढील जानेवारीत मुंबईच्या रस्त्यावर जे सभासद उतरणार आहेत, त्यांस आमच्या शुभेच्छा. आणि जे वाटेत पाणी घेऊन उभे राहणार आहेत, त्यांस काकणभर अधिक. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.