डाव्या हाताची नाडी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आजाराशी लढा’ असा विषय दिलाय. लढा वगैरे मोठा शब्द झाला. सतरा वर्षं या आजारासोबत संसार करतेय, तेवढंच सांगते.

त्याचं नाव ताकायासू आर्टेरायटिस. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्यातल्या विचित्र रक्तवाहिन्यांची नोंद प्रसिद्ध केली, म्हणून हे नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच महाधमनीवर आणि तिच्या मोठ्या फांद्यांवर उलटते. भिंत सुजते, जाड होते, रक्ताची वाट अरुंद होते. रुग्ण बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायका. आशियात, आपल्याकडेही, तो त्या मानाने जास्त दिसतो.

सुरुवात अगदी साधी असते. बारीक ताप, थकवा, वजन उतरणं. माझा डावा हात दोरीवर कपडे वाळत घालताना भरून यायचा, वेणी घालताना मध्येच खाली घ्यावा लागायचा. घरचे म्हणाले, अशक्तपणा आहे, खजूर खा. वर्षभर खजूर खाल्ले! मग एका डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला. उजव्यात १५०, डाव्यात ९०. डाव्या मनगटाची नाडी लागतच नव्हती. वैद्यबुवांकडे गेले असते तर त्यांनी मला मृत घोषित केलं असतं.

उपचार म्हणजे आधी स्टिरॉइड. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, आणि लग्नकार्यात लोक ‘सुखात दिसतेस’ म्हणतात. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, तरी ती गोळी मनानं एकदम बंद करायची नसते. बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. डोस हळूहळूच उतरवतात. जोडीला मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून आमच्या कालनिर्णयवर दर रविवारी लाल फुली असते.

मूल हवं होतं तेव्हा खरी परीक्षा झाली. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक. ती काही महिने आधी थांबवून अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केलं, आजार शांत राहतो का ते पाहिलं, मगच डॉक्टरांनी होकार दिला. रक्तदाब वाढेल या धास्तीत नऊ महिने काढले. मुलगी आता आठवीत आहे. ती मागे बसून लाजतेय.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणजे आजार झोपला असं नसतं, हेही मी शिकले. ईएसआर, सीआरपी नॉर्मल असताना आत धुमसत राहू शकतो. म्हणून अधूनमधून स्कॅन. माझ्या मानेतली एक वाहिनीही थोडी अरुंद झालीय. फुगा घालून ती रुंद करायची की नाही, ते पुढच्या महिन्यात ठरेल. शक्यतो सूज शांत असताना करतात, नाहीतर पुन्हा आवळण्याची शक्यता जास्त.

आता एक काम. मागच्या टेबलावर रक्तदाबाचं यंत्र ठेवलंय. जेवणाच्या रांगेआधी पाच मिनिटं शांत बसायचं आणि दोन्ही हात मोजायचे. थोडा फरक असतोच. पण वरच्या आकड्यात पुन्हा पुन्हा दहापेक्षा जास्त आला, तर घरी जाऊन डॉक्टरांना दाखवा. पी.टी.चे सर, पहिला नंबर तुमचा. बाही वर करा.