तिसरें चाक आणि तिऱ्हाईत

पुण्याच्या रस्त्यावरून तीन चाकांची रिक्षा गेली, तर तिच्याकडे मान वळवून पाहणारा मनुष्य शोधूनहि सांपडणार नाहीं. माल वाहणारा तीन चाकांचा टेम्पो तर एके काळीं इतका अंगवळणीं पडला कीं, १९५८ सालीं स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कारखान्याच्या नांवांतील 'टेम्पो' हा शब्द मराठींत सामान्यनाम होऊन बसला. आज चार चाकांच्या मालमोटारीलाहि लोक तोच शब्द लावतात. यावरून एक गोष्ट उघड होते. कुतूहल हें वस्तूंत नसतें, तें पाहणाराच्या संवयींत असतें. जें वाहन एका देशांत कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, त्याच्याच जातीचें वाहन दुसऱ्या देशांत रस्त्याच्या कडेला उभें राहिलें कीं त्याच्या भोंवतीं माणसांचें कडें पडतें.

उत्तर अमेरिकेंत तीन चाकांच्या मोटारसायकलीवरून प्रवास करणाऱ्यांना याचा अनुभव पदोपदीं येतो. कॅनडांतील क्यूबेक प्रांतांत व्हॅलकोर्ट नांवाचें गांव आहे. तेथील बाँबार्डिए रिक्रिएशनल प्रॉडक्ट्स या कंपनीनें २००७ सालीं 'कॅन-ॲम स्पायडर' नांवाचें वाहन लोकांपुढें आणलें. पुढें दोन चाकें, मागें एक. बैठक मोटारसायकलीची, हातांतील दांडाहि मोटारसायकलीचाच. परंतु पुढचा विस्तार असा कीं, नांवाप्रमाणेंच एखादा अवाढव्य कोळी पाय पसरून बसला आहे असा भास व्हावा. दुसरा प्रकार साइडकारचा. मूळच्या रशियांतील इर्बित शहराच्या 'उराल' मोटारसायकली आपल्या शेजारच्या पाळण्यासह अमेरिकेंत विकल्या जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील घडण अजून अंगावर वागवणारें तें रूप पाहून पादचारी जागच्या जागीं थबकतात. या गाडीच्या मालकांनीं तर पेट्रोल भरण्याच्या कामीं लागणाऱ्या अधिक वेळाला थट्टेनें एक पारिभाषिक नांवच देऊन टाकलें आहे. त्याला ते 'उराल-विलंब' म्हणतात आणि प्रवासाचें वेळापत्रक आंखतांना हा विलंब आधींच हिशेबांत धरतात.

या तिऱ्हाइतांचे प्रश्न ठराविक असतात. ही मोटार कीं मोटारसायकल? वळतांना ही कलते काय? किती वेगानें जाते? किंमत काय पडली? आणि शेवटीं, क्वचित् सर्वांच्या आधीं, तिसरें चाक कशासाठीं? विचारणारा प्रत्येक मनुष्य हे प्रश्न आयुष्यांत प्रथमच विचारीत असतो. उत्तर देणारा मात्र तेच उत्तर त्या दिवशीं चौथ्यांदा देत असतो. सगळ्या अवघडलेपणाचें मूळ या एका विषमतेंत आहे. विचारणाराचा उत्साह ताजा, तर सांगणाराचा शिळा झालेला. दोघांपैकीं कोणाचाहि अपराध नसतांना एकाला दुसरा तुसडा वाटतो आणि दुसऱ्याला पहिला त्रासदायक वाटतो.

वस्तुतः हे प्रश्न वाटतात तितके पोरकट नाहींत. ही मोटार कीं मोटारसायकल, हा प्रश्न सरकारांनाहि पडलेला आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या नियमांत, स्वारासाठीं बैठक किंवा खोगीर असलेलें आणि जमिनीला तिनांहून अधिक चाकें न टेकणारें यांत्रिक वाहन म्हणजे मोटारसायकल, अशी व्याख्या आहे. त्या व्याख्येनें स्पायडर ही मोटारसायकलच ठरते. परंतु ती चालवण्यास परवाना कोणता लागावा, हें तेथील प्रत्येक राज्य आपापल्यापुरतें ठरवतें. कांहीं राज्यांत मोटारीचा परवाना पुरतो, तर कांहींत मोटारसायकलीचा लागतो. इंग्लंडांतहि एके काळीं आठ हंड्रेडवेटपेक्षां, म्हणजे सुमारें ४०६ किलोग्रॅमपेक्षां हलक्या तीनचाकी मोटारींना मोटारसायकलींत गणून कमी कर आकारीत असत, आणि याच सवलतीवर तेथील तीनचाकीचा धंदा कित्येक वर्षें पोसला गेला.

वळतांना कलण्याचा प्रश्न तर याहूनहि मार्मिक आहे. दुचाकी गाडी वळणावर आंतल्या बाजूस कलते, कारण न कलल्यास ती बाहेरच्या बाजूला उलथून पडेल. स्पायडरचीं पुढचीं दोन चाकें एकमेकांपासून दूर असल्यामुळें तिला हा आधार जमिनीवरच मिळतो. ती स्वतः कलत नाहीं. स्वाराला मात्र आपलें अंग आंतल्या बाजूस झुकवून बसावें लागतें. त्यांतून आणखी एक गंमत उद्भवते. वेगांत असलेली दुचाकी उजवीकडे वळवायची तर दांड्याचा उजवा हात क्षणभर पुढें दाबावा लागतो. तीनचाकीवर असें केल्यास गाडी भलतीकडेच जाऊं लागेल. म्हणून वर्षानुवर्षें मोटारसायकल चालवलेल्या मनुष्याला पहिले कांहीं दिवस आपली जुनी संवय विसरण्यांतच घालवावे लागतात. अमेरिकेंत साइडकार उजव्या अंगाला असते. उजवें वळण वेगानें घेतल्यास ती हवेंत उचलली जाण्याचें भय असतें. इटालींतील पिआज्यो कंपनीनें २००६ सालीं काढलेल्या 'एमपी ३' या गाडीचीं पुढचीं दोन चाकें समांतरभुज सांगाड्यानें जोडलेलीं असल्यामुळें ती मात्र दुचाकीसारखी खरोखरच कलते, आणि थांबल्यावर तो सांगाडा अडकवून ठेवला तर स्वाराला पाय टेकण्याचीहि गरज उरत नाहीं. तात्पर्य, 'ही कलते काय?' या प्रश्नाला सर्व तीनचाकींना लागू पडेल असें एक उत्तर नाहीं. तें गाडीगणिक बदलतें.

लोकांच्या कुतूहलाला इतिहासानेंहि मान दिलेला आहे. कार्ल बेंत्स यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या मोटारगाडीसाठीं पेटंटचा अर्ज केला, ती तीन चाकांचीच होती. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बेर्टा ही आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्टझहाइमला, म्हणजे सुमारें शंभर किलोमीटर, याच जातीच्या गाडींतून गेली. वाटेंत इंधन संपत आलें, तेव्हां वीझलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून तिनें कपड्यांवरचे डाग काढण्याचें द्रव विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. घोड्यावांचून चालणारी गाडी ज्यांनीं जन्मांत पाहिली नव्हती, अशा लोकांशीं तिला प्रत्येक मुक्कामीं बोलावें लागलें, आणि त्याच लोकांच्या मदतीवर तिचा प्रवास पार पडला. तिनें तोंड फिरवलें असतें, तर चांभाराकडचें चामडें तिला मिळालें नसतें.

दुसरा दाखला इंग्लंडांतील माल्व्हर्नच्या मॉर्गनचा. एच. एफ. एस. मॉर्गन यानें १९०९ सालीं आपली पहिली तीनचाकी तयार केली आणि १९१० च्या अखेरीस लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनांत अशा गाड्या मांडल्या. पाहणारे पुष्कळ जमले; मागण्या मात्र थोड्याच आल्या, कारण गाडींत एकट्यापुरतीच जागा होती. दुसऱ्यानें बसावें कोठें, हा पाहणारांचा साधा प्रश्न. मॉर्गननें तो कानाआड केला नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यानें दोघांच्या बैठकीची गाडी काढली. ती लंडनच्या हॅरॉड्स या विख्यात दुकानाच्या खिडकींत मांडली गेली, आणि त्या कारखान्याची तीनचाकी पुढें चार दशकें चालली.

परंतु कारखानदाराला कुतूहलांतून जें मिळतें तें रस्त्यावरच्या स्वाराला मिळत नाहीं. त्याच्या वांट्याला कधीं कधीं केवळ ओरखडाच येतो. 'तिसरें चाक कशासाठीं?' हा प्रश्न दिसायला यंत्राविषयींचा असला, तरी पुष्कळ वेळां त्याचें खरें उत्तर यंत्रांत नसून शरीरांत असतें. कोणाचे गुडघे अधू झालेले असतात. कोणाला अपघातानंतर जड गाडी पायावर तोलून धरतां येत नाहीं. कोणाचा तोल वयानें वा आजारानें गेलेला असतो. दुचाकी सोडावी लागण्याचें दुःख गिळून असा मनुष्य तीन चाकांवर आलेला असतो. त्यालाच कोणी हंसत हंसत विचारतो, 'लहान मुलांच्या सायकलीला आधाराचीं चाकें लावतात, त्यांतलाच हा प्रकार काय?' विचारणाराच्या दृष्टीनें ती निरुपद्रवी थट्टा. ऐकणाराच्या दृष्टीनें मात्र, जें त्यानें स्वतःशींहि मोठ्या कष्टानें कबूल केलें, तें चव्हाट्यावर मांडलें जात असतें. अशा वेळीं, 'मला ही आवडते म्हणून,' इतकें उत्तर पुरेसें आहे. तें खोटें नाहीं आणि अपुरेंहि नाहीं. यंत्राविषयींच्या प्रश्नाला यंत्राविषयींचेंच उत्तर देण्याचा अधिकार प्रत्येक स्वाराला आहे. आपल्या दुखण्याचा इतिहास सांगण्यास तो कोणाचा देणेंकरी नाहीं.

येथेंच या विषयांतील खरी अडचण समोर येते. थट्टा करणारा ज्या शब्दांत विचारतो, नेमक्या त्याच शब्दांत दुसराहि एक मनुष्य विचारीत असतो. तो बहुधा साठी ओलांडलेला असतो. त्यानें चाळीस वर्षें मोटारसायकल चालवलेली असते आणि कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर ती विकून टाकलेली असते. घरची मंडळी सुटलों म्हणून निःश्वास टाकतात. त्याचा जीव मात्र रस्त्याकडेच लागलेला असतो. तोहि गाडीभोंवतीं दोन प्रदक्षिणा घालतो, हात मागें बांधून उभा राहतो, आणि विचारतो, 'तिसरें चाक कशासाठीं?' त्याला खरें विचारायचें असतें तें निराळेंच. माझ्यासारख्याला ही झेपेल काय? पण तो प्रश्न तिऱ्हाइताला एकदम कोण विचारणार? म्हणून तो किमतीपासून आरंभ करतो. स्वारानें पहिल्याच शब्दाला तुटक उत्तर देऊन हेल्मेट चढवलें, तर हा मनुष्य आला तसा परत जातो आणि त्याचा खरा प्रश्न ओठांतच राहतो.

कोण रिकामटेकडा आणि कोण गरजू, हें पहिल्या वाक्यावरून ओळखतां येत नाहीं. म्हणून अनुभवी स्वार एक साधी रीत पाळतात. पहिला एक मिनिट सर्वांना सारखा द्यावा, आणि त्या मिनिटांत हंसतमुखानें दोन-तीन नेमकीं वाक्यें सांगावींत. थट्टेखोर तेवढ्यावर तृप्त होऊन निघून जातो. ज्याला खरोखर हवें असतें, त्याचा दुसरा प्रश्न निराळा येतो. बैठक जमिनीपासून किती उंच आहे, पाय वर उचलावा लागतो काय, मागें जाण्याचा गिअर आहे काय, हें तो विचारूं लागतो. अशा प्रश्नकर्त्यासाठीं मात्र घड्याळाकडे पाहूं नये. घाईच असेल तर थांबण्याआधींच विचार करावा; गाडी गर्दीपासून थोडी दूर लावावी, हेल्मेट डोक्यावरून काढूं नये, आणि 'क्षमा करा, आज उशीर झाला आहे,' असें स्पष्ट पण सौम्यपणें सांगावें. किमतीच्या प्रश्नानेंहि रागावण्याचें कारण नाहीं. आगगाडींतल्या शेजाऱ्याला त्याच्या ट्रंकेची किंमत विचारण्यांत आपल्याकडे कोणाला वावगें वाटत नाहीं. इंग्रजी बोलणाऱ्या समाजांत तो आगाऊपणा समजतात. विचारणाराची रीत ओळखून अदमासानें एक आंकडा सांगितला कीं विषय संपतो.

दोन बाबतींत मात्र सौजन्याला मर्यादा घातलीच पाहिजे. पहिली धांवत्या रस्त्यावरची. शेजारून जाणारा मोटारचालक एका हातानें छायाचित्र घेण्याच्या नादांत आपली मोटार नकळत जवळ आणतो. त्या वेळीं हात हलवून त्याला प्रोत्साहन देणें धोक्याचें असतें. वेग कमी करून त्याला पुढें जाऊं द्यावें, हेंच शहाणपण. दुसरी मुलांची. नुकत्याच थांबलेल्या गाडीची धूर सोडणारी नळी हात भाजण्याइतकी तापलेली असते, आणि मुलाचा हात नेमका तिकडेच जातो. अशा वेळीं स्वारानें नळीच्या बाजूला स्वतः उभें राहावें आणि मुलाला दुसऱ्या बाजूनें बोलवावें. नुसत्या 'हात लावूं नकोस'पेक्षां 'इकडून ये, येथें हात लाव,' हें मुलाला लौकर कळतें.

विचारणारांवरहि कांहीं बंधन आहेच. स्वारानें हेल्मेट काढण्याची वाट पाहावी. न विचारतां गाडीवर चढूं नये, मुलाला चढवूं नये. छायाचित्र घेण्यापूर्वीं एक शब्द विचारावा. आणि प्रश्न गाडीविषयीं करावा, गाडीवरच्या मनुष्याच्या पायांविषयीं करूं नये. तो स्वतः होऊन बोलला, तर ऐकावें.

टेम्पोप्रमाणें हीं वाहनेंहि केव्हां तरी नेहमींचीं होतील, आणि त्यांच्याकडे वळून पाहणारा कोणी उरणार नाहीं. तोंपर्यंत दुकानांत पाऊल टाकण्याचा धीर ज्याला होत नाहीं, अशा मनुष्याला तीं चालवतां येतात कीं नाहीं हें समजण्याचें ठिकाण एकच. पेट्रोल भरण्यासाठीं थांबलेला एक अनोळखी स्वार. त्या स्वाराचा एक मिनिट कधीं कधीं दुसऱ्याला त्याचा रस्ता परत मिळवून देतो.